शेडमध्ये पडलेली जुनी डून बग्गी चालू करायची आहे, पहिला हात कशाला घालू?

सागर_येळ्ळूर
नमस्कार मंडळी. मामानं जांबोटीच्या बाजूला थोडी जमीन घेतली. तिथं आधी कुणाचं तरी रिसॉर्ट होतं, ते बंद पडलं, आणि मागच्या शेडात एक बग्गी पडून हाय. पाइपची चौकट, मागं मारुती ८०० चं कार्ब्युरेटरवालं इंजिन, दोन सीट, वर छप्पर नाही नुसता पिंजरा. ताडपत्री घातलेली खरं ती फाटून पावसाचं पाणी जाऊन जाऊन एका सीटमधनं गवत उगवलंय. मामा म्हणतोय नेतोस तर ने, नाहीतर भंगारवाल्याला बोलावतो.
मी पतसंस्थेत कामाला. स्प्लेंडरचा प्लग बदलणे आणि चेन टाइट करणे इतकंच येतं. पाने हायत, वेल्डिंग येत नाही. बॅटरी लावून सेल मारून बघू का आधी? पन्नास हजारात भागेल का? आणि येळ्ळूरपर्यंत चालवत आणली तर चालेल का, का कोण अडवतंय? बायकोनं सांगितलंय अंगणात एकच भंगार राहील, तू नाहीतर ते.

मच्छेकर
फोटो टाक बे आधी.

निपाणीकर_७७
वाळूच्या टेकड्यांवरची गाडी घेऊन बेळगावात काय करणार? आमच्याकडं वाळू रात्रीच्या ट्रॅक्टरनं येते.

उद्यमबाग_टर्नर
सागर, सेल अजिबात मारू नको. इंजिन किती वर्षं बंद हाय माहीत नाही, सिलेंडरात पाणी जाऊन रिंगा धरल्या असल्या तर सेल मोटार जळेल नाहीतर रिंग तुटेल. आणि समज चालू झालीच, तर तू लगेच बसून एक राउंड मारणार. मारणारच, सगळे मारतात. ब्रेक हायत का नाहीत ते न बघता.

घरी बनवलेल्या बग्गीत इंजिनाची काळजी शेवटी. ७९६ सीसी, तीन सिलेंडर, पार्ट कुठल्याही गल्लीत मिळतात आणि कुठलाही मिस्त्री डोळे झाकून खोलतो. तू चौकट आणि मागची चाकं बघ. ८०० ही पुढच्या चाकांवर ओढणारी गाडी. बग्गी बनवणारा काय करतो, इंजिन, गिअरबॉक्स, ॲक्सल, हब (चाक ज्याच्यावर बसतं ते) असा पुढचा सगळा संच उचलून मागं बसवतो. म्हणजे तुझ्या मागच्या चाकांना वळायची सोय हाय! ती वळू नयेत म्हणून त्यांचे स्टिअरिंग आर्म टायरॉडनं, म्हणजे स्टिअरिंगच्या दांडीनं, चौकटीला बांधून टाकतात. त्या टायरॉडच्या बॉलजॉइंटमध्ये, नाहीतर चौकटीवरच्या ब्रॅकेटमध्ये जरा जरी खेळ असला की मागचं चाक मनानं वळतंय. सरळ जाताना कळत पण नाही. वळणावर ॲक्सिलरेटर सोडलास की गाडी आडवी.

तर जॅक लाव, मागचं चाक घड्याळातल्या ९ आणि ३ च्या जागी धरून हलव, दुसऱ्या माणसाला टायरॉडवर बोट ठेवून बसव. खेळ कुठं हाय ते बोटाला कळतं. मग हातोडीनं सगळ्या पाइपांवर टकटक करत जा, चांगला पाइप वाजतो, आतनं खाल्लेला भद्द बोलतो. खालचे आडवे पाइप जास्त बघ, पाणी तिथं साठतं. सस्पेन्शनचे ब्रॅकेट जिथं वेल्ड केलेत तिथला रंग तारेच्या ब्रशनं काढून केसासारखी चीर दिसते का बघ. हे सगळं फुकटात होतं. चौकट गेलेली असली तर मामाला भंगारवाला बोलावू दे.

चेतन_शहापूर
टर्नरकाका सांगूलाल्यात ते बरोबर, खरं एका गोष्टीत माझं जमत नाही. नवीन माणसानं इंजिनच आधी चालू करावं. आमच्या गल्लीत एक विलीज आणि एक जिप्सी सुटी करून पोत्यात भरून ठेवलेली हाय. मालकांनी चौकट, रंग, ब्रेक असं शास्त्रशुद्ध सुरू केलं आणि मधेच कंटाळले, कारण गाडीनं एकदा पण हुं केलं नाही. माणसाला आवाज ऐकायला लागतो. आवाज ऐकला की पुढचे पैसे आपोआप खिशातनं निघतात.

सेल मारू नको हे मात्र खरंच. तिन्ही प्लग काढ, प्रत्येक भोकात डिझेल आणि इंजिन ऑइल मिसळून दोन-तीन चमचे सोड, एक-दोन दिवस राहू दे. मग गिअर न्यूट्रल करून क्रँक पुलीच्या बोल्टला पाना लावून हातानं सावकाश फिरव. अडलं तर पान्यावर नळी घालून जोर करू नको, मागं-पुढं हलव, परत डिझेल सोड. पूर्ण फेरा फिरला की प्लग न लावता सेल मार, आत सोडलेलं सगळं बाहेर उडतंय, तोंड लांब ठेव. मग ऑइल, फिल्टर, प्लग, पॉइंट नवीन. टायमिंग बेल्ट कसा पण दिसू दे, बदल. प्लगच्या वायरी काढायच्या आधी फोटो काढून ठेव, फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलेंडर पेटायचा क्रम, १-३-२.

निपाणीकर_७७
चेतनच्या गल्लीतला जिप्सीवाला मीच. पोत्यात नाही, प्लास्टिकच्या क्रेटमध्ये हाय.

उद्यमबाग_टर्नर
@चेतन, आवाज ऐकायला हरकत नाही. मग मागची दोन्ही चाकं काढून ठोकळ्यांवर ठेव आणि ऐक की दिवसभर. चाकं घरात कपाटावर. चावी बायकोकडं.

सागर_येळ्ळूर
फोटो टाकलेत. जॅक लावून हलवून बघितलं. डावं चाक घट्ट हाय. उजवं हलतंय, चांगलं बोटभर. टायरॉड चांगली दिसते खरं ती ज्या ब्रॅकेटला लावली तिथलं भोक गोल राहिलं नाही, लांबट झालंय, आणि बोल्ट हलू नये म्हणून कुणीतरी दोन्ही बाजूनं वायसर भरलेत. एक वायसर तर कोल्ड्रिंकच्या पत्र्यातनं कापलेला हाय, त्याच्यावर अजून अक्षरं दिसूलाल्यात.
अजून एक विचित्र. पुढच्या चाकांना ड्राइव्ह नाही तरी पण हबच्या मधोमध मागच्यासारखीच मोठी नट हाय आणि आत ॲक्सलच्या टोकाच्या सीव्ही जॉइंटचा कापलेला तुकडा. हे कशाला?

उद्यमबाग_टर्नर
ते मुद्दाम हाय आणि बरोबर हाय. पुढं पण ८०० चेच हब वापरलेत, आणि त्या हबचं बेअरिंग ॲक्सलची नट आवळल्यावरच जागेवर दाबून बसतंय. ॲक्सल नुसताच काढून टाकला तर बेअरिंग सुटं होऊन चाक निघून जातं. म्हणून जॉइंट कापून नुसती मुंडी ठेवलीय. ज्यानं बनवली त्याला काम येत होतं. पत्र्याचा वायसर त्याचा नाही, तो नंतर रिसॉर्टवर कुणीतरी वेळ मारून नेलेला. तो ब्रॅकेट कापून नवीन कर. जाड पत्ती, दोन्ही बाजूनं कान, आत बुश, बोल्ट हाय टेन्साइल. उद्यमबागेत कुठल्याही लेथवर बुश तासून मिळेल, फाउंड्रीवाल्या गावात राहून तू वायसर भरणार काय?

वडगावची_वैदेही
मी सध्या पुण्यात असते, पण बेळगावात इंजिनिअरिंगला असताना बाहाच्या टीममध्ये होते म्हणून लिहिते. बाहा एसएई इंडिया, विद्यार्थी स्वतः बग्गी बनवून पिथमपूरला नेतात ती स्पर्धा. तिथे वेगाच्या आधी तपासणी असते आणि अर्ध्या टीमांचा घाम तिथेच निघतो. त्यातले काही नियम दादांनी घरच्या गाडीला लावून बघावेत.

चालक हेल्मेट घालून, पट्टे आवळून बसला की डोक्यापासून पिंजऱ्यापर्यंत सहा इंच जागा पाहिजे, खांद्याच्या बाजूला तीन इंच. दोन पाइपांवर आडवी पट्टी ठेवून मोजायचं. रिसॉर्टवाल्यांनी लोकांना बसायला ऐसपैस वाटावं म्हणून सीट उंच केलेली असते, मग उलटली तर पिंजऱ्याआधी डोकं टेकतं. इंजिन बंद करायचे दोन स्विच, एक चालकाच्या हाताशी आणि एक बाहेरून कुणालाही दाबता येईल असा. आणि ब्रेक दाबल्यावर चारही चाकं लॉक झाली पाहिजेत, तीन नाही. आमच्या वेळी एका टीमचं एकच चाक फिरत राहायचं, त्यांनी सबंध दुपार पॅडल मारण्यात घालवली.

इंजिन आधी की ब्रेक आधी या वादात मी काकांच्या बाजूने. आवाज यूट्यूबवर ऐका.

चेतन_शहापूर
वैदेहीताई पुण्याला जाऊन एकदम पुणेरी झालीस.

घाटरस्ता
जरा अवांतर. ही इंजिन मागं ठेवायची पद्धत आली कुठून ते सांगतो. ब्रूस मायर्स नावाच्या माणसानं १९६४ मध्ये कॅलिफोर्नियात न्यूपोर्ट बीचला मायर्स मँक्स बनवली, फायबरग्लासची बॉडी आणि खाली फोक्सवॅगन बीटलचे पार्ट. सुरुवातीच्या मोजक्या गाड्यांना वेगळी चासी नव्हती, बॉडीच सगळं पेलायची, ते फार महागात जायला लागलं तेव्हा बीटलची चासीच फूटभराहून जास्त कापून आखूड करून वर बॉडी बसवायला लागले. बीटलचं इंजिन मुळातच मागं, हवेवर थंड होणारं. वजन मागच्या चाकांवर त्यामुळं वाळूत पकड मिळते, आणि रेडिएटरच नाही. १९६७ ला मेक्सिकोच्या बाहा द्वीपकल्पातली पहिली मेक्सिकन १००० शर्यत मँक्सनंच मारली. वैदेहीताईंच्या स्पर्धेचं नाव त्याच बाहावरनं.
आपल्याकडं बीटल मिळणार कुठं, म्हणून ८०० नाहीतर ऑम्नी.

निपाणीकर_७७
आमच्या इथं एकानं ८०० चं इंजिन मागं बसवताना तोंड उलटं करून बसवलं, एक्झॉस्टला जागा मिळेना म्हणून. गाडी झाली तयार. पुढं जायला एक गिअर, मागं जायला चार. गावात मुलं अजून त्याला रिव्हर्स म्हणूनच हाक मारतात.

मच्छेकर
🤣🤣 सागर, तुझी तपासून घे.

सागर_येळ्ळूर
ते तपासायला ती चालू व्हायला पायजे की.
@वैदेही ताई, डोक्यावर चार इंच पण नाही. सीटखाली लाकडाच्या फळ्या ठोकून उंच केलेली निघाली. फळ्या काढूलालोय.
रस्त्यावरनं आणायचं कुणी सांगितलं नाही अजून.

कॅम्पातला_वकील
नाही आणता येणार. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२ बघा. कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनमध्ये बदल केलेली गाडी नोंदवता येत नाही असं सुप्रीम कोर्टानंही जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलंय. तुमची तर बदललेली पण नाही, मुळातच घरी बनवलेली. नोंदणी नाही म्हणजे विमा नाही, आणि वाटेत कुणाला लागली तर भरपाई तुमच्या खिशातनं, पतसंस्थेची नोकरी त्यात पुरणार नाही. स्वतःच्या शेतात, मालकाच्या परवानगीनं, एवढंच. आणि आणखी एक, इंजिन नंबर घासून वाचून घ्या आणि ते कुठल्या गाडीचं याचा कागद रिसॉर्टवाल्याकडं असला तर मामांना मागायला सांगा. उद्या ते चोरीच्या गाडीचं निघालं तर शेडात सापडलं हे उत्तर पुरत नाही.

निपाणीकर_७७
जांबोटीकडनं आणली तर केए-२२ वाले धरणार, चंदगडकडनं वळसा घातला तर एमएच-०९ वाले. दोन्ही राज्यांचं एका विषयावर तरी एकमत हाय.

संपादक_मंडळ
सीमाप्रश्नाचा धागा वेगळा आहे आणि तो पुरेसा लांब आहे. इथे बग्गी.

मच्छेकर
छोटा हत्ती सांग भावा. आत बसत नसली तर पुढची चाकं काढ, चौकट चढते. दोर चौकटीला बांध, सस्पेन्शनला नको, जांबोटीच्या रस्त्याला उड्या मारून मारून दोर ढिला होतो.

चिकोडी_बसू
नमस्कार री. माझं मराठी जरा कन्नड मिसळून येतंय, सांभाळून घ्या. फोटोत रेडिएटर इंजिनच्या मागं आणि खाली दिसतंय. हे ध्यानात ठेवा, त्याला समोरची हवा लागत नाही, सगळं फॅनवर. फॅन बंद म्हणजे हेड गॅस्केट गेलं. फॅनला थर्मो स्विच हाय का डायरेक्ट वायर हाय ते बघा, मी असतो तर चालकाजवळ एक साधा स्विच पण दिला असता. आणि रेडिएटर खाली, इंजिन वर, मग पाणी भरताना हवा इंजिनच्या डोक्यात अडकते. वरून पाणी भरलेलं दिसतं, आत कोरडं. सगळ्यात वरची होज सैल करा, थोडं थोडं पाणी ओता, बुडबुडे थांबेपर्यंत. मग चालू करून झाकण उघडं ठेवून परत भरा. घाई करू नका री.
चिखल आमच्याकडं काळा, चिकट, रेडिएटरच्या जाळीत बसला की दगड. तुमच्या खानापूर बाजूला तांबडा, तो जरा बरा.

सागर_येळ्ळूर
बसूअण्णा थँक्यू. गाडी आली घरी, छोट्या हत्तीवरनं. बायकोनं बघितलं, काही बोलली नाही, हे जास्त वाईट हाय.
पाइप वाजवले. चालकाच्या खालचा एक आडवा पाइप भद्द वाजला, स्क्रूड्रायव्हर टेकवला तर सरळ आत गेला. बाकीचे वाजतात. शेजारचा पोरगा म्हणतोय घरी जीआय पाइप पडलाय, तोच कापून लावू, त्याच्याकडं वेल्डिंग मशिन हाय.

उद्यमबाग_टर्नर
पाण्याचा जीआय पाइप पिंजऱ्याला? नको. त्याच्यावर जस्त असतंय, वेल्ड नीट धरत नाही, आणि जस्ताचा धूर पोटात गेला की रात्री थंडी वाजून ताप भरतो. सीमलेस पाइप आण, व्यास आणि जाडी आत्ता हाय तीच. जुना पाइप जिथं चांगला वाजतो तिथपर्यंत मागं जाऊन काप, आत बाही घालून जोड. आणि सीओटू वेल्डिंगवाल्याकडं कर, शेजारच्या पोराकडं गेट कर.

चेतन_शहापूर
आमच्याकडचे वेल्डर धूर लागला की गूळ खातात.

उद्यमबाग_टर्नर
गूळ मी पण खातो. धूर बघून नाही, चहाबरोबर. मास्क लावा.

वडगावची_वैदेही
काका बरोबर आहेत. एक भर: वेल्डिंगच्या आधी बॅटरी काढा, पेट्रोलची टाकी काढून लांब नेऊन ठेवा, रिकामी असली तरी. रिकामी जास्त धोक्याची, आत वाफ असते.
आणि टाकी काढलीच आहे तर रबरी नळ्या सगळ्या बदला. आता पंपावर ई२० मिळतं, जुन्या रबराला ते मानवत नाही, आणि इथेनॉल पाणी ओढतं त्यामुळे गाडी बराच काळ उभी ठेवायची असेल तर टाकी रिकामी करून ठेवलेली बरी.

मच्छेकर
टायर मोठे घाल रे, जिप्सीचे, दिसायला पण भारी.

उद्यमबाग_टर्नर
बसणार नाहीत. ८०० ला चार बोल्ट, जिप्सीला पाच. आणि ॲडाप्टर करून बसवलेस तरी ते वजन फिरवताना सीव्ही जॉइंट जाईल. १२ इंचीच ठेव, जरा जाड नक्षीचा मिळाला तर बघ.

सागर_येळ्ळूर
उशिरा लिहूलालोय. मार्च एंड म्हणजे पतसंस्थेत मरायला पण सवड नसते.
चौकटीचा पाइप झाला, मागचे दोन्ही ब्रॅकेट नवीन केले, डावा चांगला होता तरी केला. आता चाक हलवून बघितलं तर माझाच हात दुखतो. ब्रेकचे चारही कॅलिपर धरलेले होते. ब्रेक ऑइल काढलं तर काळा चहा. किट घातले, होज नवीन, डॉट ३ भरलं. ब्रेकच्या पत्र्याच्या नळ्या एका जागी एक्झॉस्टला चिकटून नेलेल्या होत्या, त्या वळवून घेतल्या. हँडब्रेक नाहीच, कारण चारही पुढचेच कॅलिपर, त्यांना केबलची सोयच नाही. तोवर चाकाला दगड.
इंजिन डिझेल सोडून ठेवलेलं, फिरलं. चेतनभाऊ, तुमच्यासाठी सांगतो, चाकं काढून ठोकळ्यांवर ठेवून चालू पण केली. कार्ब्युरेटर तीनदा खोलला. सायलेन्सर नाही त्यामुळं येळ्ळूर गडावरनं पण ऐकू गेलं असणार. गिअर टाकून बघितला, पुढं चार, मागं एक. निपाणीकर, निश्चिंत व्हा.
आतापर्यंत वीस-बावीस गेले. सीटचे पट्टे, सीट, टायर, रेडिएटर राहिलेत. पन्नासात बसेल असं वाटतंय खरं लेथवाला बिल नंतर देतो म्हणालाय.

चेतन_शहापूर
ऐकलास की नाही आवाज! आता थांबणार नाहीस तू.

कॅम्पातला_वकील
इंजिन नंबरचं काय झालं?

सागर_येळ्ळूर
कागद मिळाला वकीलसाहेब. स्क्रॅपमध्ये घेतलेल्या गाडीची पावती रिसॉर्टवाल्याच्या फायलीत होती, मामानं आणून दिली.

वडगावची_वैदेही
मस्त. आता शेतात नेऊन ब्रेक टेस्ट. सपाट कोरडी जागा, पळत जाण्याइतकाच वेग, हेल्मेट आणि पट्टे. एकजण बाजूला बसून व्हिडिओ काढू दे, चाकांचा, तुमचा नको. मागची आधी लॉक होतात की पुढची ते बघा. मागची आधी झाली तर इंजिनचं सगळं वजन मागे असल्यामुळे गाडी गरकन फिरते.

सागर_येळ्ळूर
केली आज मामाच्या शेतात. भुईमूग काढलेली जमीन, कोरडी. पुढची दोन्ही लॉक. मागचं डावं लॉक. मागचं उजवं फिरतच राहतंय, माती उडवत. परत ब्लीड करू काय, म्हणजे नळीतली हवा काढू? हवा राहिली असेल.

उद्यमबाग_टर्नर
पॅडल स्पंजी लागतंय का कडक?

सागर_येळ्ळूर
कडक.

उद्यमबाग_टर्नर
मग हवा नाही. त्याच बाजूचा ब्रॅकेट करताना होज पिळली असेल नाहीतर कॅलिपरची पिन जाम असेल. चाक काढ, ब्रेक दाबायला कुणाला तरी बसव आणि पिस्टन बाहेर येतो का बघ. आला आणि कॅलिपर सरकला नाही तर पिन. आलाच नाही तर होज.

चिकोडी_बसू
आणि फॅन चालला का री?

सागर_येळ्ळूर
फॅन चालला अण्णा, स्विच पण लावलाय. ब्रेक दाबायला बायको बसलीय आता, थांबा.

सागर_येळ्ळूर
पिन.